दोन दरबारांचे वकील आणि १८०० रुपयांची सहल

पणजीहून निघायचे, जुने गोवे, दिवाडी, नार्वे करीत संध्याकाळी डिचोलीला संपवायचे आणि दिवसभर बोलायचे ते फक्त वकिलांबद्दल. कोर्टातले वकील नव्हेत. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारकडे शेजारच्या राजांनी पाठवलेले आणि त्या सरकारने शेजारच्या राजांकडे धाडलेले, म्हणजे आजच्या बोलीत राजदूत. माणशी १८०० रुपये. त्यात दुपारचे जेवण, नाश्त्याला पाव-भाजी, फेरीबोट आणि गाईड. मधे समुद्रकिनारा लागेल का, असे विचारणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

सहल काढणाऱ्यांचे नाव लिहीत नाही. ज्या तक्रारी आहेत त्या मी तोंडावर सांगितल्या आहेत, आणि जाहीर बोभाटा करण्याइतक्या त्या मोठ्या नाहीत.

मी माशेलची. नोकरी सगळी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेली. विक्रीखत, बक्षीसपत्र, वाटणीची इन्व्हेंतारे, म्हणजे मालमत्तेच्या याद्या, पोर्तुगीज काळातली जुनी एस्क्रितुरे, म्हणजे खते, तपासणे हा धंदा. त्यामुळे तह म्हटला की मला तलवार दिसत नाही. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, चतुःसीमा काय आणि साक्षीला कोण उभे होते, एवढेच दिसते. सोबत माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. त्या कोल्हापूरच्या, आणि त्यांचा पक्का समज असा की गोव्यात इतिहास म्हणजे चर्च आणि मराठ्यांचा इतिहास घाटावर. हे परीक्षण लिहायला बऱ्याच अंशी त्या कारण आहेत.

सकाळी जुन्या सचिवालयापाशी, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्यासमोर, जमायचे होते. साडेआठची वेळ दिली होती, गाडी नऊ वाजून गेल्यावर हलली. कोणी एक कुटुंब हॉटेलातून निघाले नव्हते म्हणे. तेवढ्या वेळात गाईडने सुरुवात करून टाकली, हे त्याचे चांगले. पोरगा साखळीचा, पंचविशीतला, मराठी स्वच्छ आणि कोकणी त्याहून गोड. मला काकी म्हणाला, जाऊबाईंना मावशी.

पहिली गोष्ट त्याने गेंड्याची सांगितली. गाडीत दोन शाळकरी मुले होती, त्यांच्यासाठी असावी. पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० साली गोवे घेतल्यावर त्याला दीव हवे होते, तिथे किल्ला बांधायला. ते मागायला त्याने १५१४ मध्ये दियोगो फेर्नांदिश द बेजा याला गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडे पाठवले. सुलतानाने जागा काही दिली नाही, गेंडा दिला. तो जनावरसुद्धा गोव्यात आणला गेला, इथून जहाजावर चढवला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला पोचला. जर्मन चित्रकार ड्युररने त्याला न बघता, दुसऱ्याने केलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचे चित्र कोरले आणि ते सगळ्या युरोपात गाजले. जागा मागायला गेला आणि गेंडा घेऊन आला! जाऊबाई इतक्या हसल्या की मागच्या सीटवरचे पुण्याचे गृहस्थ जागे झाले.

त्यानंतरचा भाग मला स्वतःला फार जवळचा आणि गाईडने तो फार उरकला. १९४७ नंतर चौदा वर्षे गोवा हा भारताचा शेजारी देश होता, आणि पणजीत भारताचे कॉन्सुलेट होते. स्वतंत्र भारताचा पणजीतला प्रतिनिधी म्हणून मिर्झा रशीद अली बेग यांनी काम केले. पुढे संबंध बिघडत गेले. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ ला हद्दीवर गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सप्टेंबर उजाडताच पणजीतले कॉन्सुलेटही बंद झाले. हे सगळे त्याने मांडवीकडे पाठ करून पाचेक मिनिटांत सांगितले. कॉन्सुलेट कुठल्या इमारतीत होते ते दाखवले नाही. वकिलांची सहल काढणाऱ्याने आपल्याच देशाच्या वकिलातीची जागा दाखवू नये, हे मला पटले नाही. तसे मी म्हटलेही.

माझे माहेर बांद्याचे. पत्रादेवीच्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. आईची धाकटी बहीण पेडण्यात दिलेली. आई सांगायची की कॉन्सुलेट होते तोवर परवान्यासाठी निदान अर्ज कुठे करायचा हे तरी ठाऊक होते. ते उठल्यावर मावशीचे बाळंतपण आईला दुसऱ्याच्या तोंडून कळले. दोन घरांमध्ये सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचेल एवढेच अंतर, पण मधे देश. वकिलात बंद होते म्हणजे काय होते ते तहाच्या कागदात सापडत नाही, ते असे घरोघरी सापडते. सहलीत कुणीतरी अशा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटे बोलायला बसवले तर १८०० चे २००० घ्या, मी देईन.

रायबंदरचा पूल, ज्याला पोन्ते द लिन्यारिश म्हणतात, तो १६३०च्या दशकातला. त्यावरून गाडी जाताना गाईड म्हणाला की सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पणजीकडून राजधानीत, म्हणजे जुन्या गोव्यात, जाणारे वकील याच वाटेने गेले असणार. असणार म्हणाला, गेलेच म्हणाला नाही. गाईड मंडळींत हा गुण विरळा आहे म्हणून नोंदवते.

जुन्या गोव्यात वेळ वाया गेला. व्हाइसरॉयची कमान बघायला दहा मिनिटे पुरतात. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामाने आपला पणजोबा वास्को द गामा याच्या स्मरणार्थ ती उभारली, आज दिसते ती १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली. जवळच व्हाइसरॉयचा वाडा होता, वकिलांना सामोरे जायची जागा तीच, पण आता त्याचे जवळजवळ काही उरले नाही. हे सगळे ठीक. पण सहलवाल्यांनी तिथे पिशवीतून फेटे, उपरणी आणि पुठ्ठ्याचा खलिता काढला! प्रत्येकाने फेटा बांधून, खलिता हातात घेऊन कमानीखाली फोटो काढायचा. पुण्याचे गृहस्थ लगेच पुढे झाले. जाऊबाईंनीही काढला, त्यांचा त्यांना लखलाभ. फेट्यांच्या या प्रकरणात जवळजवळ तास गेला आणि पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आम्ही अक्षरशः धावत गेलो.

त्या संग्रहालयात गव्हर्नर-व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग आहे. एकेक गृहस्थ पूर्ण पोशाखात, हात कमरेवर. आल्बुकेर्कपासून पुढची सगळी मंडळी. बघताना माझ्या मनात एकच आले: इतक्या लोकांची चित्रे काढली, पण ज्यांनी यांची पत्रे नेली-आणली, वाचून दाखवली, समजावली, त्यांतल्या एकाचेही चित्र इथे नाही. नेमके हेच पुढे गाईडने बोलून दाखवले आणि तिथून सहलीला खरा रंग चढला.

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी, दिवाडी ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे. ही वाट निवडण्याला अक्कल लागते. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथले देऊळ पाडले आणि लिंग खाडीपलीकडे नार्व्याला गेले, कारण डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती. देव ज्या वाटेने गेला त्याच वाटेने आपण जातो. दुसऱ्या फेरीबोटीला अर्धा तास थांबावे लागले. त्याबद्दल तक्रार करणाऱ्याने गोव्यात सहलीला येऊ नये.

जेवण त्याआधी, दिवाडीवरच्या एका घरगुती खानावळीत. उकड्या तांदळाचे शीत, सुंगटांचे हुमण, तळलेले बांगडे, किसमूर, सोलकढी. शाकाहाऱ्यांना खतखते आणि मुगागाठी. खतखत्यात तिरफळ बेताचे होते, घाटावरच्या माणसालाही झेपेल असे. बांगडा ताजा. जाऊबाईंचा सोमवार असल्याने त्यांनी खतखते दोनदा घेतले आणि कृती लिहून घेतली. सहलीच्या जेवणात मी इतके बरे खाल्लेले नाही. ते बनवणाऱ्या बाईंना आम्ही आत जाऊन सांगून आलो.

नार्व्याच्या देवळाच्या आवारात सावलीला बसवून गाईडने पाठपिशवीतून एक फाइल काढली. माझे पैसे इथे वसूल झाले.

फाइलीत जुन्या पत्रांच्या प्रती, त्यांचे वाचन आणि मराठीत सारांश. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ सालची, दियोगो दु कोउतु हा त्याचा पहिला रखवालदार. तिथे शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची वेगळी बाडे आहेत. मराठे, सोंध्याचे राजे, सावंतवाडीचे सावंत, सगळे शेजारी त्यांत. ही बाडे वाचून मांडण्याचे काम पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी केले, आणि १९५२ साली पोर्तुगीजमध्ये त्यांनी एक सबंध ग्रंथच पोर्तुगिजांच्या पदरी असलेल्या या देशी वकील-दुभाष्यांवर लिहिला. पोरग्याचा सगळा भर पिसुर्लेकरांवर होता आणि तसे तो सांगत होता. इकडून तिकडून उचललेले आपल्या नावावर खपवले नाही.

तर गोष्ट १६६७ ची. कुडाळ, पेडणे, डिचोली या भागांतले काही देसाई शिवाजी महाराजांना डोईजड झाले होते आणि ते बार्देशात, म्हणजे पोर्तुगीज हद्दीत, आसरा घेऊन तिथून त्रास देत. नोव्हेंबरात महाराजांच्या फौजेने बार्देशात घुसून लूट केली, माणसे धरून नेली. लगोलग तहाची बोलणी. महाराजांकडून सखोपंत. पोर्तुगिजांकडून जेझुइट पाद्री गोन्सालो मार्टिन्स आणि त्यांच्याबरोबर रामोजी शेणवी कोठारी. डिसेंबरात तह ठरला: पकडलेली माणसे परत, आणि देसायांना थारा द्यायचा नाही.

रामोजी शेणवी कोठारी. हे नाव गाईडने दोनदा उच्चारले आणि थांबला. मग म्हणाला, "काकी, विचार करा. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० पासून चालू. तिसवाडीत, बार्देशात, साष्टीत देवळे नाहीत. हिंदूला उघड पूजा करता येत नाही. आणि व्हाइसरॉयचा जीव की प्राण असलेला तह करायला जातो कोण, तर शेणवी, म्हणजे इथलाच हिंदू."

जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे फितूर?"

"मावशी, मग मुंबईच्या इंग्रजांकडून रायगडावर बोलायला जाणारा नारायण शेणवी कोण? तोही त्यातलाच?"

जाऊबाई गप्प. मी मात्र मनात म्हटले, पोराला कचेरीत घ्यायला हवे होते. आमच्याकडेही असेच असे. एका गावचा एकच लिहिणारा, तो विकणाऱ्याचेही लिही आणि घेणाऱ्याचेही. त्याला कुणी फितूर म्हणत नसे. दोन्ही बाजूंना वाचता येईल असा कागद करणे हीच त्याची इमानदारी. पोर्तुगिजांना मराठी दरबारची रीत कळत नव्हती, मोडी येत नव्हती. मराठ्यांना त्यांचे कागद वाचायला माणूस लागे. मधला माणूस याच मातीतला, आणि त्याचा देव खाडीच्या पलीकडे नेऊन ठेवलेला.

वकिलाची नोकरी मानाची असे, पण सुखाची नसे. तहाला वर्षही झाले नव्हते तोवर, १६६८ च्या पावसाळ्यानंतर, व्हाइसरॉयला संशय आला की महाराजांची माणसे थोडी थोडी करून गोव्यात शिरताहेत आणि एक दिवस आतून दरवाजा उघडणार. त्याने धरपकड केली. इंग्रजांच्या त्या वेळच्या पत्रात नोंद आहे की व्हाइसरॉयने महाराजांच्या वकिलाच्या कानाखाली स्वतःच्या हाताने दोन-तीन लगावल्या आणि पकडलेल्यांसकट त्याला हद्दीबाहेर घालवले. वकिलाला मारणे कुठल्याच दरबारच्या रीतीत बसत नाही. हा व्हाइसरॉय म्हणजे सांव व्हिसेंतचा काउंट, त्याची तसबीर आम्ही सकाळी धावत पाहिली होती. तो त्याच नोव्हेंबरात वारला.

आणि ज्या देवळाच्या आवारात आम्ही बसलो होतो त्याच्या दारावरचा लेख शके १५९० चा, कार्तिकातला. म्हणजे तोच नोव्हेंबर १६६८. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या देवळाचे काम सुरू झाले ते वकिलाने मार खाल्ल्यावर महिन्याभराच्या आत. पलीकडे वकिलाला हाकलले, अलीकडे पोर्तुगिजांनी ज्याचे देऊळ पाडले त्या देवाचे देऊळ बांधायला काढले, पोर्तुगीज हद्दीपासून एका खाडीच्या अंतरावर. या दोन गोष्टींचा संबंध कागदात लिहिलेला नाही आणि गाईडनेही तो जोडला नाही, नुसत्या तारखा सांगितल्या. मी जोडते. कचेरीत एकाच आठवड्यात नोंदवलेली दोन खते हातात आली की आम्ही ती शेजारी शेजारी ठेवून बघत असू.

जाऊबाई उठून दारावरचा लेख पुन्हा एकदा बघून आल्या. देवळाचा २०२३ मध्ये जीर्णोद्धार झाला आहे, लेख नीट दिसतो. गाईडने एक प्रिंट वाचायला दिली ती उत्तम.

महाराजांचे पुढचे वकील गाईडने भराभर घेतले. फेब्रुवारी १६७० च्या तहाचा विठ्ठल पंडित, त्यानंतर गोव्यात राहिलेला पीतांबर शेणवी. इथे मला वाटले होते की तो जास्त थांबेल, कारण कायम मुक्काम करून बसणारा वकील आणि निरोप पोचवून परतणारा वकील यांत फरक असतो. मुक्कामी वकिलाला बाजारभाव कळतो, जहाजे कळतात, कोण कुणावर रुसले आहे ते कळते. तो शत्रूच्या गावात संसार करतो. त्याच्या घरखर्चाचे काय, पगार वेळेवर येई का, असले प्रश्न मी विचारले आणि पोरगा लाजला. म्हणाला, बघून सांगतो.

नार्व्याहून डिचोली जवळ. तिथे नमाजगाह. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता, त्याचा मुक्काम काही काळ या भागात होता, आणि ही वास्तू त्याच्याशी जोडून सांगतात. छोटीशी, शांत जागा आहे. गर्दी नाही. १६८३ चा प्रसंग गाईडने इथे सांगितला आणि तो रंगवून सांगण्याचा त्याला हक्क आहे. व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला, मार खाऊन परतला. नोव्हेंबरच्या अखेरीस संभाजी महाराजांनी जुन्या गोव्यासमोरचे जुव्याचे बेट घेतले. व्हाइसरॉयने आपली राजदंडाची काठी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवली आणि संकटातून सोडव म्हणून विनवणी केली. तेवढ्यात मोगलांची फौज घाट उतरू लागली आणि महाराजांना मागे फिरावे लागले.

यातले वकील बघा. संभाजी महाराजांचा गोव्यातला वकील येसाजी गंभीरराव. पोर्तुगिजांकडून मान्युएल साराइव्ह द आल्बुकेर्क, ज्याची १६८४ च्या सुरुवातीला भीमगडावर महाराजांचे विश्वासू कवी कलश यांच्याशी बोलणी झाली. आणि मधेच निकोलाओ मनुची. हा व्हेनिसचा, पोरवयात हिंदुस्थानात आलेला, मोगलांकडे कधी तोफखान्यात, कधी वैद्य म्हणून पोट भरलेला. तो तेव्हा गोव्यात होता, फारसी बोले, म्हणून व्हाइसरॉयने त्यालाही संभाजी महाराजांकडे धाडले. त्याने पुढे स्वतःच्या आठवणींत आपली भूमिका भरपूर फुगवून लिहिली आहे, हे माझे मत. ज्याचा कागद जपला गेला तो मोठा दिसतो. येसाजी गंभीररावाने आठवणी लिहिल्या असत्या तर?

आता मुख्य तक्रार. फाइलीतला शेवटचा कागद १७७९ च्या तहाचा, आणि त्यावर गाईड दोन वाक्ये बोलून चहाला चला म्हणाला. मला राहवले नाही. चहाच्या टपरीवर मीच बोलायला लागले आणि खरे सांगायचे तर सहलीतली ती वीस मिनिटे कुणी पैसे न घेता दिली.

पेशव्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगिजांचे सांताना नावाचे जहाज धरले. त्याचे भिजत घोंगडे वर्षानुवर्षे पडले. पुण्यात पोर्तुगिजांचा वकील नारायण विठ्ठल धुमे, म्हणजे पुन्हा गोव्याचाच माणूस. पेशवे इंग्रजांशी लढाईत गुंतलेले, त्यांना गोव्याशी सलोखा हवा होता. शेवटी १७७९ च्या तहात दमणजवळची १२००० रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांना द्यायचे ठरले. नगर हवेली १७८३ मध्ये त्यांच्या ताब्यात गेली, दादरा १७८५ मध्ये. पुढे पेशवाई बुडाली, इंग्रज आले आणि गेले. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले: आमच्या मुलखात जायला भारत वाट देत नाही.

आणि तिथे काय निघाले? धुम्यांच्या वेळचा तह! पावणेदोनशे वर्षांनी, युरोपातल्या न्यायाधीशांपुढे, पुण्यातल्या कागदाचे मसुदे आणि भाषांतरे. प्रश्न अगदी आमच्या कचेरीतला: पेशव्यांनी मालकी दिली की नुसते उत्पन्न? एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालय म्हणाले, मराठ्यांनी दिले ते उत्पन्न, राज्य नव्हे. पण इंग्रजांनी पुढे पोर्तुगिजांची सत्ता गृहीत धरली आणि सव्वाशे वर्षे माणसे नि माल बिनतक्रार जाऊ दिला, म्हणून खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती. फौजेला, हत्यारी पोलिसांना, दारूगोळ्याला नव्हती. आणि १९५४ मध्ये भारताने अडवले त्यात या वाटेच्या हक्काचा भंग झाला नाही.

वहिवाटीचा हक्क. माशेलात कुळागाराच्या, म्हणजे बागायतीच्या, बांधावरून जे खटले चालतात त्यातला प्रत्येक मुद्दा या निकालात आहे. चहावाला हातातले काम टाकून ऐकत होता, त्याची स्वतःची अशीच एक वाट अडलेली निघाली.

जाऊबाई परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे शाळेत हे वकील कुणी शिकवलेच नाहीत. लढाया तेवढ्या शिकवल्या." मी म्हटले, "वहिनी, इथे गोव्यात तर लढायाही शिकवल्या नाहीत." इथल्या आमच्या आधीच्या पिढीने शाळेत पोर्तुगालच्या नद्या पाठ केल्या होत्या.

तर हिशेब. फाइल, गाईड, वाट आणि जेवण यांना पैकीच्या पैकी. फेट्यांचा तास कापून तो १७७९ ला आणि पणजीच्या कॉन्सुलेटला द्यावा. फोंडा या सहलीत नाही हे मोठे वैगुण्य आहे. १६८३ ची गोष्ट मर्दनगड, म्हणजे फोंड्याचा किल्ला, न दाखवता सांगणे म्हणजे खरेदीखतात सर्व्हे नंबर न घालणे. सहलवाले म्हणतात एका दिवसात बसत नाही. मग दोन दिवसांची करा, मुक्काम माशेलला ठेवा, देवळात उतरायची सोय होते. माहितीपत्रकाची मराठी आवृत्ती कुणी मराठी माणसाने वाचलेली नाही. त्यात पेशव्यांचा कारभार सातारहून चालवला आहे आणि कवी कलश दोन ठिकाणी कवी कैलाश झाले आहेत. मी लाल शाईने दुरुस्त करून प्रत परत दिली. गाडीची थंड हवा मागच्या सीटपर्यंत पोचत नाही, तेव्हा गुडघे दुखत नसतील तरी पुढची जागा मागा.

शुक्रवारी नोंदणी करू नका, जुन्या गोव्याचे संग्रहालय त्या दिवशी बंद असते आणि तसबिरी बघितल्याशिवाय दुपारच्या गोष्टीला अर्धी चव. २४ नोव्हेंबरपासून ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापर्यंत तर मुळीच जाऊ नका. नोव्हेनांना, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात फेरीबोट भरवशाची नसते. जानेवारीच्या मधल्या वारी जा, गाईड साखळीचाच मागा, आणि फाइल नार्व्यालाच उघडायला सांगा, गाडीत नको.